द्राक्षाचा वास, पण कुठल्या द्राक्षाचा?

प्रश्न : बर्डीवर मुलाला द्राक्षाचं सरबत घेऊन दिलं. त्याला आपल्या द्राक्षांचा वासच नव्हता. फसवणूक का? – एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : नाही ताई. सरबताचा तो वास मिथाइल अँथ्रानिलेट या रसायनाचा, अमेरिकेतल्या जांभळ्या काँकर्ड द्राक्षाची ओळख. आपल्या बाजारातल्या हिरव्या थॉम्पसन द्राक्षांत तो जाणवत नाही. सरबतासाठी तो बहुधा कारखान्यातच बनवतात. पण हाच रेणू मोगऱ्यात आणि संत्रावर्गीय झाडांच्या फुलांतही असतो, म्हणून अत्तरांतही वापरतात. काटोलकडे संत्र्याला बहर आला की मी मुद्दाम बागेत थांबते. तो गोड, जडसर गंध मला फार आवडतो. पक्ष्यांना मात्र हा रेणू सोसत नाही. अमेरिकेत पिकांवर तो फवारून पाखरं दूर ठेवतात.