ब्रश दिसला की पळणाऱ्या पिल्लाला विंचरून घ्यायची सवय कशी लावायची?

तुमचं शिह त्झू जातीच्या कुत्र्याचं साडेतीन महिन्यांचं पिल्लू ब्रश हातात घेतला की सोफ्याखाली जाऊन बसतं, ओढून मांडीवर घेतलं तर ब्रशला आणि हातालाही चावतं. त्यात कानांमागे गुंता व्हायला लागलाय, त्यामुळे थांबायला वेळ नाही असंही तुम्ही लिहिलंय.

पहिलं सांगायचं ते हे की, त्याला सोफ्याखालून ओढून काढणं आजपासून बंद करा. ब्रश आला की पकडापकड, मग केसांची ओढाताण, आणि हे कधी संपणार ते कळायला मार्ग नाही, एवढंच पिल्लू आत्तापर्यंत शिकलं आहे. माझ्या मते अशा बहुतेक पिल्लांना ब्रशपेक्षा धरलं जाण्याची भीती जास्त असते. तुमच्या पिल्लाचं नेमकं काय बिनसलंय ते एका मिनिटात तपासता येतं. ब्रश नजरेआड ठेवा आणि पिल्लू निवांत असताना त्याचा पुढचा पाय दोन सेकंद हलकेच धरा. पाय हिसकून घेतला तर अडचण धरण्याची आहे. पाय धरू दिला, तर थोड्या वेळाने ब्रशची मागची, दाते नसलेली बाजू खांद्याला टेकवा. इथे बिचकलं तर त्या वस्तूची धास्ती आहे. आणि हे दोन्ही चाललं, पण दाते केसात शिरताच अंग आक्रसलं, तर त्याला दुखतंय. मग दोष ब्रशचा, तुमच्या हाताच्या जोराचा किंवा गुंत्याचा. तिन्हींवर उपाय वेगवेगळे आहेत, म्हणून आधी हे बघून घ्या.

चावण्याबद्दलही एक गोष्ट वेगळी काढायला हवी. पिल्लाला दुधाचे २८ दात असतात. ते साधारण या वयापासून पडायला लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत ४२ पक्के दात येतात. या काळात हिरड्या शिवशिवतात आणि तोंडासमोर हलणारी कोणतीही वस्तू चावावीशी वाटते. अंग सैल, मागचा भाग डुलतोय आणि ब्रश तोंडात धरायची धडपड चाललीय, तर तो खेळ आहे. अशा वेळी त्याला चावायचं खेळणं द्या आणि विंचरणं फिरून आल्यावर, पिल्लू थोडं पेंगुळलेलं असताना करा. अंग ताठ, कान मागे, डोळ्यांच्या कडेचा पांढरा भाग दिसतोय, मग ती भीती आहे. गुरगुरलं तर रागावू नका. गुरगुरणं म्हणजे ‘आता थांब’ एवढंच. ते दाबून टाकलं तर पुढच्या वेळी गुरगुरण्याची पायरी गाळून पिल्लू सरळ चावतं.

हत्यारं दोनच लागतात: एक मऊ स्लिकर ब्रश (बारीक, वाकलेल्या तारांचा) आणि एक स्टीलचा कंगवा, अर्धे दाते रुंद आणि अर्धे बारीक असलेला. ब्रशने मोकळं करायचं, कंगव्याने तपासायचं. केसांवरून नुसता ब्रश फिरवला तर वरचा थर छान फुलतो आणि आत कातडीलगत जटा तशाच राहतात. लांब केसांच्या कुत्र्यांमध्ये सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. नवा स्लिकर आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूवर, जितका जोर पिल्लावर लावणार तितकाच लावून, दहा वेळा फिरवा. लाल रेघा उठल्या तर ब्रश कडक आहे किंवा हात जड आहे. ब्रश मुठीत न आवळता पेन्सिलीसारखा बोटांत धरला की जोर आपोआप निम्मा होतो.

जागा रोज एकच ठेवा. जमिनीवर रबरी, न घसरणारी चटई अंथरा. गुळगुळीत फरशीवर पाय घसरले की पिल्लू आधी तोल सावरण्याच्या धास्तीत असतं, मग ब्रश कितीही मऊ असो. टेबलावर इतक्यात नको. पुढे कधी घेतलंत तर एक हात कायम अंगावर हवा. चटई अंथरली की काम सुरू, गुंडाळली की संपलं. हा नियम आपण पाळला तर पिल्लू तो फार लवकर ओळखतं.

खाऊ वाटाण्याच्या निम्म्या आकाराचा, मऊ, चटकन गिळता येणारा घ्या. एका बैठकीला दहा-पंधरा तुकडे पुरतात. दिवसभराच्या एकूण आहारात असा वरचा खाऊ दहा टक्क्यांच्या आत ठेवा, तेवढं जेवण कमी करा. चॉकलेट, मनुके आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) घातलेलं काहीही कुत्र्याला विषारी असतं. पीनट बटर देणार असाल तर आधी त्यावरचे घटक वाचा.

आता मुख्य भाग, तो म्हणजे क्रम. आधी स्पर्श, मग खाऊ. बहुतेक जण खाऊ दाखवून पिल्लाला बोलावतात आणि ते खात असताना ब्रश लावतात. चार दिवसांत पिल्लाला कळतं की हा खाऊ आला म्हणजे मागून ब्रश येणार, आणि ते खाऊकडेच संशयाने बघायला लागतं. त्यामुळे खाऊचा हात पाठीमागे ठेवा. ब्रश टेकवा, उचला, आणि मगच खाऊ पुढे करा, तोही एक-दोन सेकंदांच्या आत. उशीर झाला तर त्या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे हेच त्याला कळत नाही.

पहिले दोन दिवस ब्रश नुसता चटईवर ठेवा. पिल्लाने त्याच्याकडे पाहिलं, हुंगलं की ‘शाब्बास’ आणि एक तुकडा. असं दहा वेळा करून ब्रश पाठीमागे लपवा. ब्रश गेला की खाऊही बंद. पुढचे दोन दिवस ब्रश बाजूला ठेवून फक्त तुमचा हात वापरा: खांद्यावर एक सेकंद, खाऊ, मानेवर, खाऊ, कानाचं टोक, खाऊ, पंजा धरून सोडला, खाऊ. मग ब्रशची मागची बाजू. मग खांद्यावर दात्यांचा एकच हात, बोटभर लांबीचा. दहापैकी आठ वेळा पिल्लू न बिचकता जागेवर राहिलं आणि स्पर्शानंतर खाऊसाठी स्वतःहून तुमच्याकडे पाहायला लागलं, की पुढची पायरी. नसेल तर त्याच पायरीवर आणखी एक दिवस. ब्रशचे हात वाढवताना एक, दोन, तीन, चार असं चढत जाऊ नका. एक, तीन, दोन, पाच, एक असं करा. दर वेळी वाढतच गेलं की पिल्लू चौथ्या वेळेला उठून जातं.

जागांचाही क्रम असतो. खांदा आणि बरगड्यांची बाजू सोपी, मग छाती, पाठ, मांड्या. शेपूट, पोट, काखा, पंजे आणि चेहरा सगळ्यात शेवटी. बैठक एक ते दोन मिनिटांची, दिवसातून दोन-तीनदा. रविवारी एकदम अर्धा तास घालवून आठवडाभराचं काम उरकू नका, तेवढ्यात आधीच्या आठवड्याची कमाई जाते.

पिल्लाला ‘थांबा’ म्हणायची सोय करून द्या, याचा उपयोग आयुष्यभर होतो. टॉवेलची घडी चटईवर ठेवा आणि पिल्लाने हनुवटी तिच्यावर टेकवली की खाऊ द्या. हनुवटी टेकलेली असेपर्यंतच ब्रश चालेल. डोकं उचललं की ब्रश तत्क्षणी थांबेल. सुरुवातीला ते तीस सेकंदांत चार वेळा डोकं उचलेल. उचलू द्या, वाट पाहा. आपण थांबवलं की खरंच थांबतं हे पटल्यावर हनुवटी जास्त वेळ टेकलेली राहते. प्रशिक्षक चिराग पटेल यांचा ‘बकेट गेम’ याच तत्त्वावर आहे. त्यात हनुवटीच्या जागी नजर असते: पिल्लू खाऊच्या डब्याकडे बघत राहिलं तर काम सुरू, नजर हटली तर बंद.

मोठ्या खुणांच्या आधी लहान खुणा येतात. खाऊ समोर नसताना ओठ चाटणं, झोप नसताना जांभई, तोंड फिरवणं, एक पाय उचलून धरणं, आणि अचानक एकदम स्थिर होणं. खाऊ हिसकून, दात लावून घेतला किंवा नेहमीचा आवडता तुकडा नाकारला तर तुम्ही दोन पायऱ्या पुढे गेला आहात. ‘सुरुवातीला धडपडलं, मग गप्प बसलं’ असं दिसलं तर त्याला सवय समजू नका. दोघांनी धरून ठेवलेलं पिल्लू हार मानून गप्प होतं, आणि त्याचा परिणाम पुढच्या वेळी सोफ्याखाली दिसतो. चाटायची चटई (जिच्या खाचांत खाऊ पसरून लावतात) वापरायला हरकत नाही, पण चाटण्याच्या नादात पिल्लू त्रास दाखवत नाही हे लक्षात ठेवा. चाटणं थांबलं की ब्रशही थांबवा.

आता कानांमागचा गुंता. तिथले केस बारीक आणि लोकरीसारखे असतात, खाजवताना एकमेकांत घासतात, म्हणून सुरुवात तिथूनच होते. त्यानंतर काखा, जांघा आणि पट्टा किंवा हार्नेस घासतो ती जागा. गुंता सोडवल्याशिवाय अंघोळ घालू नका, भिजून वाळला की तो आवळतो. चिमूटभर कॉर्नफ्लोअर चोळा, गुंत्याच्या मुळाशी केस कातडीलगत दोन बोटांत घट्ट धरा म्हणजे ओढ कातडीपर्यंत पोचणार नाही, आणि कंगव्याच्या कडेच्या दात्याने टोकाकडून सुरुवात करा. टोकाचा अर्धा सेंटिमीटर मोकळा झाला की थोडं मागे, मुळाच्या दिशेला सरका. अर्धा मिनिट, खाऊ, सुट्टी. हे काम रोजच्या सरावाच्या चटईवर करू नका, वेगळ्या जागी करा.

गाठ नाण्याएवढी घट्ट होऊन कातडीला चिकटली असेल तर सोडवत बसू नका. ग्रूमरकडून (कुत्र्यांचे केस कापणाऱ्याकडून) किंवा पशुवैद्याकडून क्लिपरने, म्हणजे केस कापायच्या यंत्राने, काढून घ्या. घरी कात्री तर अजिबात नको. जट कातडीला वर ओढून घेते आणि कानाच्या कडेची पातळ घडी केसांत दिसतच नाही, त्यामुळे जखम होते. दहा वेळा दुखवून केस वाचवण्यापेक्षा एकदा बारीक कापून घेतलेले बरे. केस परत येतात, पिल्लाचा विश्वास परत आणायला महिने लागतात.

सराव झाला की थराथराने विंचरायचं. एका हाताने केस वर उचलून धरा, खालचा एक पातळ थर सोडा, कातडीची रेघ दिसली पाहिजे. तो थर मुळापासून टोकापर्यंत ब्रश करा, मग वरचा थर सोडा. शेवटी कंगवा. कंगवा न अडकता कातडीलगत फिरला तरच ती जागा झाली.

नखांना हीच पद्धत, फक्त वेग आणखी कमी. आधी पंजा धरणं, मग कात्री पंजाला टेकवणं, मग दिवसाला एकच नख, टोकाचा एखादा मिलिमीटर. काळ्या नखात कापलेल्या जागी मध्यभागी गडद ठिपका दिसला की थांबा, पुढे रक्तवाहिनी आहे. रक्त आलंच तर स्टिप्टिक पावडर (रक्त थांबवणारी), नसेल तर कॉर्नफ्लोअर दाबून धरा. ड्रायर पहिल्यांदा दुसऱ्या खोलीत चालू करा आणि इकडे खाऊ द्या, मग रोज थोडा जवळ आणा.

कानाला वास येतोय, डोकं सारखं झटकतंय, एकाच जागी हात लावला की ओरडतंय, लालसरपणा किंवा केस गेलेले चट्टे आहेत, किंवा आत्तापर्यंत विंचरून घेणाऱ्या कुत्र्याने अचानक नकार दिलाय, यांपैकी काहीही असलं तर सराव थांबवून आधी पशुवैद्याला दाखवा. दुखऱ्या कानावर खाऊ देऊन सवय लावता येत नाही.

साधारण आठ महिन्यांपासून वर्षाच्या आसपास शिह त्झूचे पिल्लाचे मऊ केस जाऊन मोठेपणीचे येतात. सुटलेले केस नव्या केसांत अडकून राहतात आणि एका दिवसात गाठी होतात. त्या काही आठवड्यांत कान, काखा आणि जांघांतून कंगवा रोज फिरवावा लागेल. तुमच्याकडे अजून चार-पाच महिने आहेत.