अवजारांचा फळा : बावीस गुंठ्यांचं गचपण

प्रश्न : आमचं मूळ गाव गुहागर तालुक्यात. वडील गेल्यापासून बारा वर्षं घरामागच्या २२ गुंठ्यांकडे कोणी फिरकलेलं नाही. आत काजूची १४ झाडं आणि हापूसची ३ कलमं आहेत असं काका सांगतात. रस्त्यावरून मात्र नुसती रानमोडी दिसते. दिवाळीला आठ दिवस गावी येतोय. ग्रासकटर, चेनसॉ आणि छोटा टिलर असं तिन्ही घ्यावं म्हणतो. ४० हजारांपर्यंत खर्च करीन. ऑनलाइन एक मशीन स्वस्तात दिसलं, एकाच इंजिनावर पाच कामं करतं म्हणे. ते घेऊ का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : तिन्ही घेऊ नका. टिलरचं तर नावच काढू नका. तुमची जागा सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, असेल तर वीतभर मातीखाली जांभा लागेल. त्यावर आपटून टिलरची पाती कशी वाकतात ते बघायचं असेल तर माझ्या दुकानामागे या, ढीग पडलाय. शिवाय काजूची बारीक मुळं वरच्या थरातच पसरतात. तिथे नांगरट करून भलं काहीच होत नाही.

चेनसॉची गरज एखाद दिवसाचीच असते, आणि ती चालवणारा माणूस गावात मिळतो. त्यालाच बोलवा. टोकाकडून पट्टी लाकडात घुसली की चेनसॉ चालवणाऱ्याच्या तोंडाकडे उसळते. हे अवजार सुट्टीत हात साफ करून घेण्याचं नव्हे. आणखी एक. बारा वर्षांत आत ऐन, किंजळ, जांभूळ उभे राहिले असतील. जमीन तुमच्या नावावर असली तरी महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत ही झाडं आहेत. आंबा, फणस, खैर, सागही त्यातच. बुंध्याला करवत लावायच्या आधी वनखात्याची परवानगी. झुडपांना आणि जाळ्यांना कोणी विचारत नाही.

राहिला ग्रासकटर. तिघांत घेण्यासारखा तोच, पण पाच कामांचा नको. त्याच्या दांड्याला मध्ये जोड असतो, आणि रानमोडीच्या दणक्यांनी तो जोडच आधी खुळखुळायला लागतो. साधा, अखंड दांड्याचा, ३५ सीसीच्या आसपासचा फोर स्ट्रोक बघा. टू स्ट्रोक वजनाला हलका आणि जोराला बरा, हे मान्य. रोज बेणणीला, म्हणजे गवत-झुडपं साफ करायला, जाणाऱ्या माणसाने तोच घ्यावा. पण तुम्ही वर्षातून दोनदा हात लावणार. टू स्ट्रोकला पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल मिसळावं लागतं. मशीनच्या पुस्तकात ५० ला १ असेल तर लिटरला २० मिली, २५ ला १ असेल तर ४० मिली. माझ्याकडे मुंबईकरांची मशीन येतात त्यांत सर्वांत जास्त भरणा नुसतं पेट्रोल घालून चालवलेल्यांचा. सायलेन्सर काढून आत टॉर्च मारली की पिस्टनवर उभे ओरखडे दिसतात, मांजराने बोचकारल्यासारखे. मग दुरुस्तीचा आकडा ऐकून गिऱ्हाईक माझ्याकडेच संशयाने बघतं. फोर स्ट्रोकला वेगळं इंजिन ऑइल लागतं, जेमतेम १०० मिली. ते मात्र रोज सकाळी तपासायचं.

उतार असेल तर इंजिन पाठीवर घेण्याचा प्रकार बरा. सपाटीला खांद्यावरचा चालतो.

खरी निवड पात्याची. गवताला नायलॉन दोरी. रानमोडी, घाणेरी असल्या अंगठ्याएवढ्या काड्यांना तीन दातांचं पातं. करवंदीच्या जुन्या जाळीला बारीक दात्यांचं गोल पातं, पण ते जांभ्यावर टेकलं की दात गेलेच. तेव्हा जमिनीपासून वीतभर वर कापा, खालचे खुंट नंतर बघू. पातं वरून घड्याळासारखं डोळ्यांसमोर आणा. बारा ते तीन या भागाने जाड बुंध्याला शिवलात तर मशीन हिसका देऊन उजवीकडे फेकलं जातं. डावीकडच्या भागाने, उजवीकडून डावीकडे, कोयता ओढतो तशी ओढ घ्या. आजूबाजूला १५ मीटरपर्यंत कोणी नको. विशेषतः 'बघू, बघू' करत येणारी पोरं.

पहिल्या दिवशी मशीन घरीच ठेवा. कमरेला कोयती, हातात लांब काठी, पायात गुडघ्यापर्यंतचे गंबूट, आणि काकांना पुढे घाला. जुना गडगा, म्हणजे दगडी कुंपण, कुठून जातो, काटेरी तार कुठे गाडली गेलीय, विहीर उघडी आहे का, हे त्यांनाच ठाऊक. गडग्याच्या दगडांत आणि पाचोळ्याखाली फुरसं, हा विषारी साप, असतं, ते पळून जात नाही, जागच्या जागी अंग घासून खरखर करतं. मशीनच्या आवाजात ती खरखर ऐकू येणार नाही. गांधीलमाशीचं पोळंही याच फेरीत सापडलेलं बरं.

वेलींकडे मान वर करून बघा. तपकिरी मखमली लव असलेल्या शेंगांचे घोस दिसले तर ती खाजकुयली. दिवाळीत शेंगा कोवळ्या असतील तर नशीब. पुढे पिकल्यावर तिच्यावर पातं मारलंत की ती लव हवेत उडते आणि मान, कोपर, बनियनच्या आत, सगळीकडे जाते. मी एकदा पौषात हा पराक्रम केलाय. अंगाला शेण फासून खळ्यात बसलो होतो आणि घरचे हसत होते. तो वेल बुंध्याशी कोयतीने तोडा आणि कापडात गुंडाळून बाजूला न्या.

काजू-आंब्याभोवती हातभर जागा मशीनने साफ करायची नाही, कोयतीनेच. मोठ्या झाडाची साल जाड असते, तरी पात्याचा ओरखडा बसतोच. बुंध्याच्या जखमेतून डिंक यायला लागला आणि खाली भुसा दिसला की खोडकिड्याने, आमच्याकडे त्याला रोठा म्हणतात, घर केलं समजा. मी स्वतः नायलॉन दोरीने वेंगुर्ला-४ या काजूच्या जातीचं दोन वर्षांचं कलम गोल सोलून काढलंय. महिनाभर ते हिरवं होतं, म्हणून मी निश्चिंत होतो.

दिवाळीची वेळ तुम्ही नकळत अचूक धरलीत. रानमोडी त्यानंतर फुलते, आणि उन्हाळ्याच्या तोंडाला तिचं बी म्हातारीसारखं वाऱ्यावर उडतं. फुलायच्या आत कापली तर पुढच्या वर्षीचं निम्मं काम वाचलं. पण नुसतं कापून ती मरत नाही, खुंटातून चार फुटवे काढते. जमिनीत अजून ओल आहे तोवर कुदळीने गड्डे उपटून घ्या. जानेवारीत तीच माती विटेसारखी होते. म्हणून सांगतो, आठ दिवसांपैकी तीन दिवस मशीनचे धरा आणि उरलेले कुदळीचे. यंदा मशीनसकट दोन माणसं मजुरीवर तीन दिवस लावून बघा, आणि त्यानंतरच विकत घ्यायचं का ते ठरवा.

अनुदान हवं असेल तर महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या योजनांच्या पोर्टलवर, अर्ज करून पूर्वसंमती येईपर्यंत खरेदी करू नका. आधी पावती केलीत तर अनुदान गेलं.

कापलेला पाला जाळू नका. शेजाऱ्याच्या बागेत वणवा गेला की तीन पिढ्या बोलणं बंद. काजूच्या आळ्यात आच्छादन करा, बुंध्यापासून थोडं लांब. आणि मशीन घेतलंत तर डोंबिवलीला निघताना टाकी रिकामी करून, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. हल्लीच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलला आमच्या दमट हवेत पाणी सुटतं, कार्बोरेटर चिकटतो, आणि मेमध्ये तुम्ही दोरी ओढून ओढून खांदा उतरवून घेता.

प्रश्न : श्रीवर्धनला तीन गुंठ्यांचं परसू आहे, नारळ आणि पोफळी. मी एकटीच असते. पेट्रोलचं मशीन उचलत नाही. बॅटरीवरचं चालेल का?
— एक वाचक, श्रीवर्धन

उत्तर : ताई, तुम्हाला तेच योग्य. परसवातल्या गवताला नायलॉन दोरी पुरते. बॅटऱ्या दोन घ्या, एक चार्जिंगला. पोफळीच्या खोडाला दोरी लागू देऊ नका. आणि सुरू करण्याआधी ठिबकच्या नळ्या गवतातून वर काढून ठेवा. गेल्या वर्षी एका बाईंनी एका सकाळी अकरा ठिकाणी नळी तोडली आणि जोड घ्यायला माझ्याकडे आल्या. माझ्याकडे नऊच होते.