वहीतल्या १९ रात्री

एका वडिलांचं पत्र आहे. मुलगी अकरावीला, विज्ञान शाखेत. ते लिहितात : ‘तिला पाणीपुरवठ्याच्या क्षेत्रात काहीतरी करायचं आहे. म्हणून आम्ही हवेतून पाणी काढणाऱ्या यंत्राचा प्रोजेक्ट निवडला, त्यासाठी वेगळी शिकवणी लावली. आधी पेटंट आणि मग स्पर्धा असा आमचा विचार आहे, म्हणजे पुढे प्रवेशाला उपयोग होईल. पण तिचं तिकडे लक्षच नाही. रात्री दोनला आणि पहाटे चारला गजर लावून उठते, गच्चीवर जाऊन इमारतीच्या टाकीची पातळी मोजते आणि वहीत लिहून ठेवते. १९ रात्री हेच चाललंय. यात नवीन काय आहे? तिला जरा समजवा.’

यंत्र तुम्ही निवडलंत, शिकवणी तुम्ही लावलीत, पेटंटही तुम्हालाच हवंय. अख्ख्या पत्रात तुमच्या मुलीची म्हणावी अशी एकच गोष्ट आहे, ती वही. आणि नेमकी तीच मी बंद करायला लावावी अशी तुमची अपेक्षा आहे. ते मी करणार नाही.

ती काय करतेय हे तिनं तुम्हाला सांगितलं असेल, पण बहुधा तुम्ही ऐकून घेतलं नसेल. म्हणून मी सांगतो. रात्री दोन ते चार या वेळात जवळपास कुणीच पाणी वापरत नाही. तरीही टाकीची पातळी उतरत असेल, तर ते पाणी कुठेतरी गळतंय. शहरांच्या पाणीपुरवठ्यात गळती शोधायची हीच एक मूलभूत पद्धत आहे, ‘किमान रात्रप्रवाह’ मोजण्याची. तुमच्या मुलीला ती कुणी शिकवली नाही, तिची तिला सुचली. टाकी ३ मीटर लांब आणि २ मीटर रुंद आहे असं धरा. दोन तासांत पातळी २ सेंटीमीटर उतरली तर १२० लिटर पाणी गेलं. म्हणजे तासाला ६० लिटर आणि दिवसाला १,४४० लिटर. आणि १९ रात्रीच का? कारण एखाद्या रात्री कुणी उठून पाणी वापरलं असेल, तर तो आकडा फसवा निघतो. बऱ्याच रात्रींमधला सर्वांत कमी आकडा हाती आला की गळतीबद्दल बोलता येतं. एका आकड्यावर विसंबायचं नाही, हे अकरावीतल्या मुलीला कळलंय. माझ्याकडे येणाऱ्या कित्येक पदवीधरांना ते कळलेलं नसतं.

आता तुमच्या गैरसमजाकडे येतो. तो तुमच्या एकट्याचा नाही. नवी कल्पना म्हणजे नवं यंत्र, असं आपण धरून चालतो. दक्षिण आफ्रिकेत असंच एक यंत्र निघालं होतं. मुलांच्या गोल फिरणाऱ्या चक्रीला पंप जोडायचा, मुलं खेळतील आणि पाणी आपोआप वर टाकीत चढेल. दिसायला इतकी गोड कल्पना की २००६ साली तिच्यासाठी मोठा निधी जाहीर झाला. पण पाणी लागतं तेव्हा मुलं खेळत असतीलच असं नाही. मग ती जड चक्री बायकांना फिरवावी लागली, आणि साधा हातपंप बरा होता असं अनेक ठिकाणच्या लोकांचं म्हणणं पडलं. काही वर्षांत ती मोहीम गुंडाळावी लागली. याउलट कंबोडियाची राजधानी नॉम पेन्ह. १९९३ साली तिथे सोडलेल्या पाण्यापैकी सुमारे ७२ टक्के पाणी गळती, चोरी आणि बिलाबाहेरच्या वापरात जात होतं. ‘एक सोन चान’ नावाच्या अभियंत्यानं कारभार हाती घेतला, तरुण कर्मचाऱ्यांना जबाबदारीच्या जागा दिल्या, घरोघरी मीटर बसवले, बेकायदा जोडण्या शोधल्या, जुन्या वाहिन्या बदलल्या, बड्या लोकांकडूनही बिलं वसूल केली. हे प्रमाण ६ टक्क्यांच्या आसपास आलं. २००६ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. यात नवं यंत्र कुठलंच नव्हतं. पाणी कुठे जातं हे नेटानं मोजणं, हेच त्या शहरासाठी नवं होतं. राहिलं पेटंट. नुसत्या कल्पनेला ते मिळत नाही, आणि हवेतून पाणी काढणारी यंत्रं बाजारात केव्हाची विकली जाताहेत.

मला खरी काळजी त्या शिकवणीची वाटते. दुसऱ्यानं बेतलेल्या प्रोजेक्टवर स्वतःचं नाव घालायला आपण सोळाव्या वर्षी मुलीला शिकवतोय. ज्या व्यवसायात तिला जायचंय, तिथे नकाशावर सही करणं म्हणजे त्या कामाची जबाबदारी घेणं. तिचं लक्ष लागत नाही अशी तुमची तक्रार आहे. मला वाटतं, तिला यातलं खोटेपण टोचतंय. शिकवणी बंद करा.

तुमचं एक म्हणणं मात्र मला पूर्ण पटतं : रोज झोपमोड करून अंधारात गच्चीवर जाणं बंद व्हायला हवं. प्लंबरला सांगून टाकीला बाहेरून एक पारदर्शक नळी जोडून घ्या, शेजारी मोजपट्टी लावा आणि एखादा जुना मोबाईल ठेवून दर तासाला फोटो निघेल अशी सोय करा. त्यानंतरची पायरी तिला सांगा. टाकीतून खाली जाणाऱ्या प्रत्येक पाइपला सहसा व्हॉल्व्ह असतो. शेजाऱ्यांना आधी कळवून रोज रात्री एकच व्हॉल्व्ह बंद करायचा आणि पातळी बघायची. ज्याचा व्हॉल्व्ह बंद केल्यावर पातळी उतरायची थांबेल, त्या पाइपवरच्या फ्लशच्या टाक्या आधी तपासा. तिथली गळती आवाज न करता चालू राहते. फ्लशच्या टाकीत खायचा रंग टाकून पंधरा-वीस मिनिटं फ्लश करायचा नाही. भांड्यात रंग उतरला तर चोर सापडला.

प्रवेशाचं म्हणाल तर सिव्हिल किंवा एन्व्हायर्नमेंटल इंजिनीअरिंग, त्यासाठीच्या नेहमीच्या प्रवेश परीक्षा, आणि गुण कमी पडले तर डिप्लोमातून पदवीकडे. ही माहिती कुठेही मिळेल. त्याआधी तिला एपानेट हे सॉफ्टवेअर उतरवून द्या. वाहिन्यांच्या जाळ्यातला दाब आणि प्रवाह काढण्यासाठी जगभर ते वापरलं जातं, आणि ते मोफत आहे. स्पर्धेची हौस असेल तर स्टॉकहोम ज्युनिअर वॉटर प्राइझ आहे, १५ ते २० वर्षांच्या मुलांसाठी. पण तिथे वही न्यायची की नाही, हे तिला ठरवू द्या.

या रविवारी तिच्याजवळ बसून ती वही पहिल्या पानापासून बघा. मध्ये सूचना करू नका. आणि पुढचं पत्र तिला लिहू द्या. कोणता व्हॉल्व्ह बंद केल्यावर पातळी उतरायची थांबली, हे मला तिच्याकडून वाचायचंय.