कानाला हात

सई,

परवा गाडीत तू शाळेच्या कामासाठी माझी 'सध्याची आवडती तीन गाणी आणि ती का आवडतात' हे विचारलंस. मी पहिलं सांगितलं, जुन्या काळचे मोठे गवई अब्दुल करीम खाँसाहेब यांचं 'जमुना के तीर'. तू लगेच म्हणालीस, "बाबा, त्यांचं नाव घेताना कानाला हात का लावतोस? त्यांनी तुला शिकवलंय का? तू तर गातच नाहीस." मी म्हटलं, घरी गेल्यावर सांगतो. मग तुझं स्विमिंग आलं, मग जेवण, आणि राहिलंच. राहिलं कसलं, मी टाळलं. ते शेवटचं वाक्य लागलं मला. चूक तुझी नाही, मी गात नाही हे खरंच आहे.

चौथीत असताना मला पेटीच्या क्लासला घातलं होतं. तीन महिने गेलो. मग गुरुजींनी अण्णांना, म्हणजे तुझ्या आजोबांना, बोलावून सांगितलं, "याला सूर नाही हो, पैसे कशाला घालवताय?" मी दारातच चपला घालत उभा होतो. अण्णा वाटेत काही बोलले नाहीत. मिरज स्टेशनसमोर मला भजी घेऊन दिली आणि सायकलवरून घरी आणलं. पेटीचा विषय घरात पुन्हा निघाला नाही.

पण ऐकणं सुटलं नाही, कारण मिरजेत ते सोडायचं म्हटलं तरी सुटत नाही. शाळेतून येताना मी सतारमेकर गल्लीतून यायचो. एका दुकानात चाचा बसलेले असायचे, वर माळ्यावर तंबोऱ्यांसाठी पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेले भोपळे टांगलेले. तंबोऱ्याच्या घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, तारेखाली सुती दोरा असतो. चाचा तो नखानं केसभर पुढं सरकवायचे, तार छेडायचे, परत सरकवायचे. बराच वेळ नुसतं टण्ण, टण्ण. मग एका जागी आवाज एकदम उघडायचा, भोपळ्यात मधमाश्या शिरल्यासारखा. "बोलली," एवढंच म्हणायचे. मला म्हणायचे, "कान लाव." मी भोपळ्याला कान लावायचो आणि दातांपर्यंत गुणगुण यायची. सूर नसलेल्या पोरालाही ती यायची बरं का.

आता खाँसाहेब. ते मुळात उत्तरेतल्या किराणा (कैराना) गावचे, पण राहिले मिरजेत, आणि त्यांची कबरही तिथंच मीरासाहेबांच्या दर्ग्यात आहे. उरुसात तिथं रात्र रात्र गाणं चालतं. अण्णा ड्यूटीवरून आले की डबा ठेवायचे आणि मला घेऊन निघायचे. ऐकलेलं गाणं म्हणशील तर मला एकही आठवत नाही, मी सतरंजीवर झोपायचो. आठवतो तो त्यांच्या पँटला येणारा इंजिनाच्या तेलाचा वास.

अण्णा रेल्वेतले, त्यामुळे त्यांची लाडकी गोष्ट एकच. १९३७ साली खाँसाहेब पाँडिचेरीला निघाले होते, गाडीत त्रास व्हायला लागला म्हणून मद्रासकडच्या सिंगापेरुमलकोइल नावाच्या छोट्या स्टेशनात उतरले आणि तिथंच फलाटावर वारले. तेव्हा अण्णांचा जन्मही झाला नव्हता, पण सांगताना असे सांगायचे की जणू त्या रात्री झेंडी यांच्याच हातात होती. आणि नाव आलं की हात कानाला. भाकरी एका हातात असली तरी दुसरा जायचाच. मोठ्या माणसाचं नाव आपल्या तोंडानं घेतलं म्हणून माफी मागायची, असं काहीतरी त्यामागं आहे म्हणतात. खरं ते शिष्यांनी करायचं. अण्णा कुणाचे शिष्य नव्हते. तेही गात नव्हते, सई. फार तर शीळ घालायचे.

आणि एक कबूल करतो. मिरजेत असताना मी कधी कानाला हात लावल्याचं मला आठवत नाही. उलट मित्रांसमोर अण्णांनी लावला की मला लाज वाटायची. माझं हे सुरू झालं ते इकडं इंग्लंडात, लीड्सला आल्यावर, त्यातही अण्णा गेल्यानंतर. त्यामुळे तुला ते नाटकी वाटलं असेल तर मी भांडणार नाही. थोडं असेलही.

'जमुना के तीर'चं म्हणशील तर ती तीन मिनिटांची जुनी तबकडी, भैरवी. शब्द मला आजही धड लागत नाहीत. लहानपणी यमुना आणि आपली कृष्णा यांत माझा घोळ होता, मला ते सगळं कृष्णेच्या घाटावरच घडतंय असं वाटायचं. अजूनही मनात तेच पाणी येतं. हे 'का'च्या रकान्यात लिहिता येईल का बघ.

दुसरं गाणं म्हणजे आजीची ओवी. ताईच्या लग्नात घाणा भरताना आत्यानं फोनवर घेतलेली. जात्यात हळकुंडं, चार जणींचे हात खुंट्याला, आणि मधेच कुणीतरी ओरडतंय, "अगं दूध उतू गेलं, गॅस बंद करा!" आजी न थांबता पुढची ओळ घेते. मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये दूध उतू जाईपर्यंत ऐकतो आणि मग उतरतो.

तिसरं शाळेत सांगू नकोस. वरातीतला बेंजो. कुठलंही गाणं चालेल, बेंजोवर वाजलं की मी नाचतो. आईला विचार, आमच्या लग्नात तिच्या माहेरच्यांसमोर काय झालं ते.

तू कानाला हात लावावास असं माझं अजिबात म्हणणं नाही. तुझ्या हेडफोनमध्ये जे चालतं तेही मला ऐकव कधी, आवाज जरा कमी करून.

हे लिहिता लिहिता मला एक आठवेना, अण्णांचा हात कुठल्या कानाला जायचा? काल आत्याला फोन करून विचारलं. ती पटकन म्हणाली, "उजव्या. का रे?" मी डाव्या कानाला लावतो. गाडीत गिअरचाच हात मोकळा असतो.

बाबा