वाजणारी थंडी आणि ऐकणारी स्वाहिली

कामासाठी नैरोबीला गेलेल्या एका वाचकाने स्वाहिली शिकायला घेतली आहे. जुलैमध्ये ऑफिसात कुडकुडत असताना त्याने शब्द जुळवून ‘मिमी नी बारिदी’ असं म्हटलं आणि सगळे हसले. मग कुणीतरी सुधारून दिलं, ‘नासिकिया बारिदी’. पण यातलं मूळ क्रियापद ‘कुसिकिया’ म्हणजे तर ऐकणं. थंडी ऐकायची कशी, असा त्याचा प्रश्न आहे. शिवाय भुकेसाठी ‘निना न्जाआ’ चालतं, तर थंडीसाठी ‘निना बारिदी’ का नको?

थंडी ऐकायची कशी हे मराठी माणसाने विचारावं याची मला गंमत वाटली. आपली थंडी तर वाजते! इतकी वर्षं ती वाजत होती आणि ऐकणारी भाषा मिळाली ती थेट पूर्व आफ्रिकेत. स्वाहिली बांटू या आफ्रिकी भाषांच्या कुळातली आहे, मराठीशी तिचं नातं नाही, त्यामुळे हा निव्वळ योगायोग. पण लक्षात ठेवायला याहून चांगली खूण मिळणार नाही.

मुळात ‘कुसिकिया’चा अर्थ फक्त कानापुरता नाही. डोळ्यांनी दिसत नाही पण जाणवतं, अशा बऱ्याच गोष्टी स्वाहिली बोलणारा ‘ऐकतो’. ‘नासिकिया न्जाआ’ म्हणजे भूक लागली आहे, ‘नासिकिया किऊ’ म्हणजे तहान, ‘नासिकिया उसिंगिझी’ म्हणजे झोप येते आहे, ‘नासिकिया किझुंगुझुंगू’ म्हणजे चक्कर येते आहे. (हा शेवटचा शब्द उच्चारतानाच गरगरतं.) वाससुद्धा ऐकतात: ‘नासिकिया हारुफू’. ‘नासिकिया’ ऐकून आपल्याला नासिका आठवतेच, तेव्हा हे वाक्य एकदा वाचलं की पाठ.

‘नासिकिया बारिदी’ऐवजी ‘नाहिसी बारिदी’ म्हटलं तरी चालतं, ते जरा पुस्तकी वाटेल इतकंच. त्यातला ‘हिसी’ अरबीतून आलेला आहे, हिंदीतल्या ‘एहसास’च्या मुळातलाच. ‘बारिदी’ही अरबीच.

आता ‘निना’. यातला ‘नि’ म्हणजे मी (‘मिमी नी बारिदी’तला ‘नी’ वेगळा, तो म्हणजे ‘आहे’) आणि ‘ना’ म्हणजे सह, सोबत. ‘निना न्जाआ’ म्हणजे ‘मी भुकेसह आहे’. भूक, तहान, ताप (‘निना होमा’), सर्दी (‘निना माफुआ’) यांना ही रचना अगदी सहज चालते. ‘निना बारिदी’ म्हटलंत तर कुणाला कळणार नाही असं नाही, पण थंडीशी ‘सिकिया’चीच जोडी जमते. उकडत असेल तर ‘नासिकिया जोतो’. हवेबद्दल बोलायचं तर ‘लेओ कुना बारिदी’, आज थंडी आहे. इथे मराठी वाक्य जसंच्या तसं उतरतं.

मग ‘मिमी नी बारिदी’ला हसले का? कारण त्याचा अर्थ होतो ‘मी म्हणजे थंडी’, फार तर ‘मी गार आहे’. आणि हे मराठीतही तसंच नाही का? ‘मी थंड आहे’ असं कुणी म्हटलं तर आपण त्याला शाल देत नाही, त्याच्या स्वभावाबद्दल बोलतो. म्हणजे ही चूक मराठीची नाहीच. प्रश्नकर्त्याने मनात आधी इंग्रजी वाक्य केलं आणि मग त्याचं स्वाहिली केलं. मधला हा मुक्काम टाळला तर निम्मी वाट सोपी होते.

निम्मीच, कारण एक फरक उरतो. मराठीत थंडी कर्ता असते आणि आपण ‘मला’ म्हणून बाजूला उभे राहतो. स्वाहिलीत थंडी ऐकणारा कर्ता असतो आणि क्रियापद त्याच्याप्रमाणे बदलतं: ‘उनासिकिया बारिदी?’ तुला थंडी वाजते आहे का? ‘अनासिकिया’ म्हणजे त्याला किंवा तिला, ‘तुनासिकिया’ म्हणजे आम्हाला. नकार ‘सिसिकी बारिदी’, शेवटचा ई जरा लांबवून.

दुखण्याच्या वेळी मात्र आपला ‘मला’ परत येतो. ‘किच्वा किनानिउमा’, डोकं दुखतंय. यातला मधला ‘नि’ म्हणजे मला, आणि ‘उमा’ म्हणजे चावणे. कुत्रा चावला तरी तेच क्रियापद, ‘म्ब्वा अमेनिउमा’. आपला नवा बूट चावतो, त्यांचं डोकं चावतं. पोट असेल तर ‘तुम्बो लिनानिउमा’. सुरुवातीचं ‘कि’ जाऊन ‘लि’ आलं, कारण नामाचा वर्ग बदलला (मराठीत नामांना लिंगं असतात, तसे स्वाहिलीत वर्ग). नवशिक्याने हे वर्ग आत्ताच पाठ करत बसू नये, चार दुखणी तेवढी तोंडपाठ करावीत.

वस्तू गरम असेल तर आणखी एक मजा. ‘मोतो’ म्हणजे आग. गरम पाणी म्हणजे ‘माजी या मोतो’, आगीचं पाणी. गरम जेवण म्हणजे ‘चाकुला चा मोतो’. हा ‘चा’ आपल्या ‘चा-ची-चे’सारखाच ज्याच्याबद्दल बोलायचं त्या नामाप्रमाणे बदलतो, उच्चार जुळला तो पुन्हा योगायोगच. टांझानियात सोडा मागवला आणि ‘बारिदी आऊ मोतो?’ असं विचारलं तर दचकू नका. सोडा कुणी उकळून आणणार नाही. तिथे ‘मोतो’ म्हणजे फ्रिजमध्ये न ठेवलेला.

‘मोतो’चाच भाऊबंद ‘जोतो’. शेकोटीला शेकण्याला ‘कुओता मोतो’ म्हणतात, उन्हाला बसण्याला ‘कुओता जुआ’. जून ते ऑगस्टमध्ये नैरोबीत या दोन्हींची गरज पडते. विषुववृत्त जवळ असलं तरी शहर जवळजवळ 1,800 मीटर उंचीवर आहे.

एवढं करून ‘नासिकिया बारिदी’ म्हणालात की समोरून बहुतेक ‘पोले!’ असं येईल. स्वाहिली ‘पोले’ला मराठीत नेमका शब्द नाही; ‘अरेरे’ आणि ‘सांभाळा हं’ यांच्या मधलं काहीतरी. त्यावर ‘आसान्ते’ म्हणायचं आणि स्वेटर चढवायचा.