नुसती जाड मातीची भिंत घर गार ठेवत नाही

भिंतीची जाडी ठरवण्याआधी छपराकडे बघा. दुपारचा ताप मुख्यतः तिथूनच येतो. वर उघडा पत्रा असेल तर दीड फुटी भिंतही फारशी कामाची नाही. पत्र्याखाली माळा करा आणि मधल्या पोकळीतून हवा खेळती ठेवा.

मातीची भिंत उष्णता अडवत नाही, साठवते. साधारण 30 सेंमी जाडीतून बाहेरची ऊब आत पोचायला 8 ते 10 तास लागतात, म्हणजे ती येते रात्री. म्हणून ऊन चढायच्या आत खिडक्या बंद, आणि बाहेरची हवा आतल्यापेक्षा गार झाली की समोरासमोरच्या खिडक्या उघडून भिंत रात्रभर निवू द्यायची. नवखे लोक दिवसभर खिडक्या उघड्या टाकतात आणि मग मातीला नावं ठेवतात. रात्रीही गारवा नसलेल्या दमट हवेत मात्र जाडीपेक्षा वारा आणि सावली महत्त्वाची.

पश्चिमेच्या भिंतीवर ऊन पडू देऊ नका. पडवी काढा किंवा थोडं अंतर सोडून मांडवावर वेल चढवा. थेट भिंतीवर वेल नको, ओल धरते.

सिमेंटचा गिलावा टाळाच. आतली ओल कोंडते, ओल्या भिंतीतून उष्णता लवकर आत येते आणि शेवटी गिलाव्याचे पोपडे सुटतात. माती-भुशाचा गिलावा द्या, बाहेरून वर चुन्याची सफेदी.