वाचकांचे प्रश्न : तपकिरीचा दाणा, ओल आणि वास

प्रश्न : बव्हेरियाची श्माल्त्सलर, इंग्लंडची टोस्ट आणि मद्रासी तपकीर अशा तीन डब्या हाती आल्या आहेत. फरक नीट कळण्यासाठी कोणती आधी घ्यावी? (सांगली)

उत्तर : नाकाला लावण्याआधी तिन्ही बोटांत चोळून बघा. श्माल्त्सलर काळपट आणि जाडसर असते, चिमटीत दाबली की तिची गोळी होते. ती परंपरेने आंबवलेल्या ब्राझिली तंबाखूची करतात. पूर्वी तिच्यात लोण्याचे तूप मिसळत, आता बहुतेक ठिकाणी तेल घालतात. टोस्टचे उलटे आहे. तिची पाने व देठ दळण्याआधी उष्णतेने कडकडीत वाळवतात, त्यामुळे ती पिठासारखी बारीक होते आणि साध्या श्वासानेही तिचा खकाणा उडतो. शेफील्डच्या शॅरो भागातला विल्सन्सचा कारखाना आणि केंडालच्या गिरण्या अठराव्या शतकापासून तपकिरीसाठी प्रसिद्ध आहेत. मद्रासी तपकिरीत तूप असते आणि चुनाही असतो. तिचा सगळा झणका चुन्याचा. चुना अल्कली असतो, आणि अल्कलीमुळे निकोटीन मोकळे होते आणि नाकाच्या आतल्या त्वचेतून झपाट्याने रक्तात जाते.

म्हणून आधी श्माल्त्सलर, मग टोस्ट घ्या. मद्रासी दुसऱ्या दिवशी, एकटीच. ती आधी घेतली तर नाक बधिर होते आणि नंतरच्या दोन्ही सारख्याच वाटतात. मेन्थॉलची तपकीर तर तुलनेच्या दिवशी उघडूच नका, तिचा गारवा बराच वेळ मागे राहतो. पहिल्या दोहोंमध्ये निदान अर्धा तास जाऊ द्या, नाक शिंकरा, कोमट पाण्याने धुवा. वास तीनदा टिपा : डबीत, नाकात जाताक्षणी आणि पाच मिनिटांनी. वरून घातलेला सुगंध आधी उडून जातो. पाच मिनिटांनी उरतो तो तंबाखूचा स्वतःचा वास, आणि तपकिरीची खरी पारख तिथेच होते. डबीत मोहक वाटणारा गुलाबाचा किंवा बर्गमॉटचा (लिंबाच्या जातीच्या फळाचा) सुगंध पुष्कळदा हलक्या पानावर पांघरूण घालतो.

प्रश्न : टोस्ट घेतली की थेट घशात उतरते, ठसका लागतो, डोळ्यांतून पाणी येते. तपकीर वाईट आहे का? (बेळगाव)

उत्तर : तपकीर चांगली असेल, ओढण्याची पद्धत चुकते आहे. फुलाचा वास घेताना आपण छाती भरून श्वास घेतो, तसा इथे घ्यायचा नाही. तपकीर नाकपुडीच्या पुढच्या भागातच थांबली पाहिजे. मसुरीच्या अर्ध्या दाण्याएवढी चिमूट घ्या. आधी श्वास पूर्ण सोडा, तोंड किंचित उघडे ठेवा, चिमूट नाकपुडीच्या कडेशी धरा आणि एकदाच, हलकेच हुंगा. मग दुसरी नाकपुडी. लगेच पुन्हा हुंगू नका. ओल आलेले नाक जोरात आत ओढले की काढा घशात उतरतो, मळमळ सुरू होते ती त्यानेच. नाक बाहेर शिंकरा. त्यासाठी गडद रंगाचा रुमाल ठेवा, पांढऱ्यावरचे तपकिरी डाग सहज जात नाहीत.

सुरुवात जाड आणि ओलसर दाण्याने करणे सोपे, तो आपोआप पुढेच अडकतो. बारीक आणि कोरडी टोस्ट ही हात बसल्यानंतरची चीज आहे. शिंका सुरुवातीला येतात, सवयीने कमी होतात. डोके गरगरले, घाम सुटला तर निकोटीन जास्त झाले असे समजा आणि त्या दिवशी थांबा.

प्रश्न : रपे म्हणजे कोणती तपकीर? (पणजी)

उत्तर : जाडसर, गडद आणि ओलसर फ्रेंच धाटणीची. पूर्वी तंबाखूची पाने घट्ट वळून त्यांचे गाजराच्या आकाराचे गठ्ठे बांधत, आणि शौकीन माणूस खिशातल्या लहान किसणीवर लागेल तेवढी ताजी किसून घेई.

प्रश्न : सिगारेट सोडून तपकीर घेतली तर चालेल का? घरात आजी दातांना लावते, ते कसे? (नाशिक)

उत्तर : तपकिरीत धूर नाही, म्हणून फुप्फुसात धुराचे विष जात नाही, एवढेच. निकोटीन तेच, व्यसन तेच, आणि तंबाखूतली कर्करोगकारक नायट्रोसामाइन्सही तपकिरीत असतात. ज्याला तंबाखूची सवय नाही, त्याने ती सुरू करू नये. गरोदरपणी, रक्तदाब किंवा हृदयविकार असताना, दमा किंवा सायनसचा त्रास असताना नकोच. दातांना लावणे तर ताबडतोब बंद करायला हवे. हिरड्या दातांपासून सुटतात आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. आजींच्या तोंडात पांढरा चट्टा किंवा न भरणारी जखम असेल तर दंतवैद्याकडे आजच न्या.

प्रश्न : डबी उघडली की अमोनियाचा भपकारा येतो. दुसरी एक डबी पार सुकली आहे. दोन्ही टाकून द्याव्यात का? (पुणे)

उत्तर : अमोनिया आंबवलेल्या आणि अल्कली घातलेल्या तपकिरीत बंद डबीत साठतो. झाकण तासभर उघडे ठेवा, भपकारा ओसरतो. सुकलेल्या तपकिरीवर पाणी शिंपडू नका, गुठळ्या होतात आणि बुरशी धरते. ती काचेच्या बरणीत उघड्या वाटीत ठेवा, शेजारी ओला करून घट्ट पिळलेला कापूस दुसऱ्या वाटीत, आणि झाकण लावा. रात्रभरात ओल परत येते. सकाळी कापूस काढा. टोस्टला हे करू नका, तिचा कोरडेपणा हाच तिचा गुण. तुपाची तपकीर खवट झाली किंवा कुबट वास आला, तर मात्र टाकून द्या, ती सुधारत नाही. डब्या मसाल्याच्या आणि साबणाच्या कपाटात ठेवू नका, मुलांच्या हाताला लागतील अशा तर नकोतच.